पन्नास इंचांची वाट

थकवा कशाचा येतो हे मला आता नीट सांगता येतं. कामाचा येत नाही. माझं काम सीट मोडण्याचं आहे. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या एका कंपनीत गेली तेरा वर्षं मी गाड्यांच्या सीट यंत्रावर बसवून त्यांना हादरे देतो आणि कुठला जोड आधी सुटतो ते लिहून ठेवतो. हे मी अजून वीस वर्षं आनंदानं करीन. थकवा येतो तो माणसं जमवण्याचा. या उन्हाळ्यात मी एकोणीस माणसांची जंगलातली ट्रिप ठरवली आणि दोन-अडीच महिन्यांत माझा पार चोथा झाला. दोष कोणाचा तेही सांगतो, पण शेवटी, कारण मलाही तो शेवटीच कळला.

सुरुवात दोघांपासून झाली होती. जूनमधल्या एका रविवारी सकाळी स्वानंदीनं माझ्या चहाच्या कपाशेजारी लॅपटॉप आणून ठेवला. स्वानंदी माझी एकुलती एक मुलगी. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, मोठा पूल ओलांडून जावं लागतं त्या अप्पर पेनिन्सुलात तिनं फॉरेस्ट्रीची डिग्री केली, चार वर्षांची तीन वर्षांत. घाई तिला नव्हती, कागदांना होती. आमचं ग्रीन कार्ड २०१२ पासून रांगेत आहे. मुलांना एकविसावं पूर्ण होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहता येतं, पुढे त्यांचं त्यांनी बघायचं. स्वानंदीला नऊ सप्टेंबरला एकवीस पूर्ण होणार होती आणि तोवर आमचा नंबर लागणार नाही हे वकिलानं दोन वर्षांपूर्वीच गोड आवाजात सांगून टाकलं होतं. मग तिनं स्वतःच कॅनडात, थंडर बेला, मास्टर्सची ॲडमिशन मिळवली. ऑगस्टअखेर जायचं होतं. एकदा गेली की इकडे यायला तिला व्हिसा लागणार आणि तिकडे जायला मला.

लॅपटॉपवर नकाशा होता. हिरव्या रंगात एक बारीक रेघ.

"बाबा, ही ट्रेल बघ. अडतीस मैल," ती म्हणाली. "मधे माझा रिसर्च प्लॉट आहे. दोन समर्स मी तिथे झाडं मोजली. जायच्या आधी तुला दाखवायचाय."

"एवढं चालायचं? माझे गुडघे..."

"चालायचं नाहीये. साइड-बाय-साइड रेंट करायची."

ती गाडी तिनं मला दाखवली. शेजारीशेजारी दोन सीट, ट्रॅक्टरसारखे जाड टायर, डोक्यावर लोखंडी पिंजरा. जंगलातल्या मातीच्या वाटांवर चालवायची. या वाटांना रुंदीचे नियम असतात. मोठ्या वाटांवर चार सीटच्या रुंद गाड्या चालतात, पण तिच्या वाटेच्या तोंडाशी दोन खांब रोवलेले होते आणि त्यांच्यामध्ये पन्नास इंच जागा होती, त्याहून रुंद काही आत जाऊच नये म्हणून. चार सीटची गाडी चौसष्ट इंचांची असते.

"सो फक्त टू-सीटर जाते," ती म्हणाली. "तू आणि मी. ऑगस्टचा थर्ड वीकेंड. डन?"

"डन," मी म्हणालो. मला मनापासून आनंद झाला होता. तिच्या तीन वर्षांच्या कॉलेजात मी तिला फक्त सोडायला आणि आणायला गेलो होतो.

पुढच्याच शनिवारी श्रीरामकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन जायचं जेवण. श्रीराम नागपूरचा, माझा पंधरा वर्षांचा मित्र, त्याची बायको नंदा, आणि त्याचे वडील मोरेश्वरकाका, जे सहा महिन्यांसाठी आले होते आणि दर शनिवारी कोणाच्या तरी घरी सोफ्यावर बसवले जात होते. बोलता बोलता मी सांगून टाकलं की आम्ही बाप-लेक जंगलात गाडी चालवायला चाललोय. सांगायची काही गरज नव्हती. कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काय.

"दोघंच?" नंदा म्हणाली.

आपल्याकडे 'दोघंच' या शब्दात काय काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. शिष्ट झालात का, इथपासून घरी सगळं ठीक आहे ना, इथपर्यंत. मी लगेच म्हणालो, "अगं मग तुम्ही पण चला ना."

"छे, तुमच्या प्रोग्राममध्ये आम्ही कशाला," श्रीराम म्हणाला.

"प्रोग्राम कसला, चला."

"नाही रे, बाबा पण आहेत इकडे."

"अरे, चल यार. तू नाही म्हणूच नकोस."

झालं. आग्रहाचं आपलं एक गणित आहे. एकदा म्हटलं तर ते बोलण्यापुरतं असतं. दुसऱ्यांदा म्हटलं तर चांगुलपणा. तिसऱ्यांदा म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. मी तीनदा म्हणालो होतो. आणि खोलीत आणखी तीन कुटुंबं बसली होती, ती ऐकत होती, त्यांना वगळणं वाईट दिसलं असतं, म्हणून त्यांनाही तीन-तीनदा म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही.

परतताना गाडीत माझी बायको आसावरी एवढंच म्हणाली, "स्वानंदीला विचारलंस?"

"तिला काय, मजाच येईल."

आसावरी खिडकीबाहेर बघत बसली.

स्वानंदीला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "यू आस्क्ड देम थ्री टाइम्स, डिडन्ट यू?" ती म्हणाली. हे गणित तिला लहानपणापासून पाठ आहे. दुसऱ्यांच्या घरी गेलं की तिसऱ्यांदा विचारेपर्यंत लाडू घ्यायचा नाही, हे तिला आसावरीनंच शिकवलेलं.

"अगं, तसं काही बिघडत नाही," मी म्हणालो. "ते लोक फोर-सीटर घेऊन मोठ्या रस्त्यानं जातील. आपण दोघं टू-सीटर घेऊन तुझ्या वाटेनं. संध्याकाळी कॅम्पवर भेटू सगळ्यांना."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मग सुरू झालं प्लॅनिंग. श्रीरामनं ग्रुप काढला, त्याला नाव दिलं 'वनवास', आणि माणसांनी त्यात जे लिहायला सुरुवात केली ते विचारू नका. अस्वलं असतात का. असतात तर किती. तंबूत झोपायचं की केबिन. केबिनला अटॅच्ड बाथरूम आहे का. सोळा वर्षांखालच्या मुलांना गाडी चालवायची तर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, तो ऑनलाइन आहे का, आणि आईनं मुलाच्या नावानं दिला तर चालेल का. मी हेल्मेटसाठी प्रत्येकाच्या डोक्याचा घेर मागितला. इंचांत मागितला, तर निम्म्यांनी सेंटिमीटरमध्ये पाठवला आणि एकीनं नवऱ्याच्या टोपीचा फोटो पाठवला. गाड्यांच्या परवान्याचे स्टिकर, केबिन, लाकडं, कोणाची मोळी कुठून विकत घ्यायची, कारण बाहेरचं लाकूड तिकडे न्यायला बंदी, सगळं मी एका शीटमध्ये भरत गेलो. ऑफिसातून आलो की तासभर शीट.

आणि जेवण. आपली माणसं जंगलात जायच्या आधी जंगलात काय खायचं ते ठरवतात. तीन कुकर ठरले. श्रावण असल्यामुळे एक कुकर कांदा-लसणाचा आणि एक बिगर कांदा-लसणाचा. तिसरा कशाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण विचारायचं त्राणही उरलं नव्हतं. शीटमध्ये ट्रेलसाठी एक पान होतं आणि खाण्यासाठी चार.

गाड्या मी बुक केल्या. जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या गावात एक बाई त्या भाड्यानं देते. तिच्याकडे चार फोर-सीटर होत्या आणि अरुंद टू-सीटर एकच. ती एक मी आधी अडकवून ठेवली. अठरा माणसं, अठरा सीट. आम्ही सीटची माणसं, असा हिशोब बरोबर बसला की आम्हाला बरं वाटतं.

जुलैअखेरची एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. आम्ही जेवत होतो. स्वानंदी पाइनच्या झाडाबद्दल बोलत होती. तिच्या प्लॉटवर दोनशे चौदा नंबरचं एक झाड होतं, लाल पाइन, आणि ते बरोबर तिच्या वयाचं होतं.

"वय कसं कळतं? कापून?" आसावरीनं विचारलं.

"नो, आई, कापायची गरज नाही. ते झाड दर वर्षी फांद्यांचं एकच कडं काढतं. असं गोल." तिनं पोळी गुंडाळून उभी धरली आणि बोटानं तिच्याभोवती कडी दाखवली. "एक कडं म्हणजे एक वर्ष. खालून वर मोजत जायचं. फक्त अगदी खालची जी असतात, पहिल्या वर्षांची, ती पुसली जातात. दिसत नाहीत. सो टोटलमध्ये तेवढी ॲड करायची. बाबा, किती ॲड करायची माहितीये?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंदा होती. मी बोटानं स्वानंदीला थांब म्हणून खूण केली.

नंदानं शीट उघडली होती. "परीक्षित, ही छोटी गाडी कोणाची रे? दोघांचीच दिसते."

"ती होय, ती आहे एक," मी म्हणालो. मला म्हणता आलं असतं, ती माझी आणि स्वानंदीची आहे. पाच शब्द. पण तेच पुन्हा 'दोघंच' झालं असतं. "का गं, हवीय का तुम्हाला?"

"छे रे, आपलं विचारलं. छान दिसतेय."

"घ्या ना मग. पंचविसावं वर्ष आहे तुमच्या लग्नाचं."

"अरे नको."

"घ्या गं. आम्ही काय, कुठेही बसू."

"बघ हं, तू म्हणतोयस म्हणून."

"घ्याच."

फोन ठेवला. मी स्वानंदीला म्हणालो, "हां, काय सांगत होतीस?"

"नथिंग."

"अगं ती टू-सीटर जरा... आपण मोठ्या रस्त्यानं जाऊ. तिथून तुझा प्लॉट लांब नसेल ना?"

"अकरा मैल आहे. इट्स फाइन, बाबा." तिनं उरलेली पोळी डब्यात ठेवली आणि ताट उचललं. मला तेव्हाही कळलं होतं की फाइन नाहीये. मी इतका दमलो होतो की ते फाइन आहे असं मानून घेणं मला सोयीचं पडलं. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोरेश्वरकाका यादीत आले. तेही माझ्याच बोलण्यानं. श्रीराम म्हणाला की दोन दिवस काकांना शेजाऱ्यांकडे ठेवतो, तर मी म्हणालो काकांना सोडून कसं जायचं, आणि फोनवर काकांनाच म्हणालो, "काका, तुम्ही आलंच पाहिजे." झाली एकोणीस माणसं. सीट अठरा. गाडीवाल्या बाईला तीन फोन केले. तिच्याकडे आणखी गाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शीट उघडून बसलो असताना स्वानंदी दाराशी आली.

"बाबा, अनिका तेराला डुलूथला चाललीय, बुधवारी. तिथून पुढे ती मला थंडर बेला ड्रॉप करेल." अनिका तिची कॉलेजमधली मैत्रीण. "रूम पंधरापासूनच मिळतेय. सो मी तिच्याबरोबर जाईन म्हणते. तुम्हाला एवढं ड्राइव्ह करायला नको."

"आणि ट्रिप?"

"तुमच्याकडे सीट पण कमी आहे ना."

"थांबली असतीस तर बरं झालं असतं," मी म्हणालो.

ती दाराला टेकून उभी होती. लगेच गेली नाही. चांगली मिनिटभर उभी होती, आणि मी स्क्रीनकडे बघत होतो, कारण पंधराव्या ओळीत कोणाचं तरी हेल्मेट चुकलं होतं. मग ती गेली. मी तिच्या नावाच्या चौकटीत मोरेश्वरकाकांचं नाव टाकलं. अठरा माणसं, अठरा सीट. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

बुधवारी सकाळी ती गेली. दोन बॅगा, एक बोटभर जाड फाइल, बूट. आसावरी रडली. मी अनिकाच्या गाडीचे टायर तपासले. स्वानंदीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "एन्जॉय युअर ट्रिप." तुमची ट्रिप. गाडी वळली तेव्हा माझा फोन वाजत होता.

पहिलं कॅन्सलेशन ते होतं. त्या तीन कुटुंबांपैकी संजयच्या मुलीचा पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला मंडळात डान्स होता, हे आत्ता लक्षात आलं. त्या शुक्रवारी पंधरा ऑगस्ट आहे हे अठरा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. शनिवारी दहीहंडी होती. दुपारपर्यंत नीनाच्या घरी अचानक टेक्सासहून पाहुणे आले. संध्याकाळी तिसऱ्या कुटुंबानं हवामानाचा अंदाज पाठवला, पावसाची शक्यता चाळीस टक्के, आणि खाली हात जोडलेले. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत श्रीरामचा फोन आला.

"यार, बाबांचं बीपी वर गेलंय. आम्हाला काही जमेलसं वाटत नाही."

"श्रीराम, आता तुम्हीच उरला होतात."

तो म्हणाला, "एक सांगू? राग मानू नको. बाबांचं बीपी जून महिन्यापासून वर आहे. त्यांना कुठेच यायचं नव्हतं. आणि नंदाला तर त्या गाडीची भीती वाटते. आठवडाभर झोपली नाही ती."

"मग तिनं ती टू-सीटर मागितली कशाला?"

"मागितली कुठे बे? तू दिलीस. तिनं नुसतं विचारलं होतं. तू इतका मागे लागलास, नाही कसं म्हणणार? मला वाटलं तुला आमची फारच हौस आहे."

"मग मला वाटलं तुम्हाला यायचंय."

"आम्हाला कोणालाच नव्हतं यायचं, यार," श्रीराम म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तोही माझ्याइतकाच दमलेला वाटला.

मी यंत्राच्या खोलीत जाऊन बसलो. समोर एक सीट तिचे हादरे खात होती, चार लाख सोळा हजार झाले होते. दोन-अडीच महिने मी मनातल्या मनात या सगळ्यांना शिव्या घालत होतो, की हे माझ्या गळ्यात पडले, माझ्या मुलीची ट्रिप यांनी खाल्ली. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. ते बिचारे माझा मान ठेवत होते. जी एकटी मनापासून यायला निघाली होती तिला मी एकदाच म्हणालो, थांबली असतीस तर बरं. आग्रह सगळ्यांना केला आणि तिला केला नाही. आपल्याच माणसाला कसला आग्रह, असं आपल्याला वाटतं.

घरी आलो तर ओट्यावर तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डोंगर होते. आसावरीनं सकाळपासून तळल्या होत्या, दोनशे. तिला मी सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि खुर्चीत बसली.

"तुला कोणी सांगितलं होतं रे इतकं बोलवायला?" ती म्हणाली. चिडून नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"उद्या आपण दोघं जाऊ," मी म्हणालो. "टू-सीटर मोकळी झालीय."

"तू जा. ती सीट माझी नव्हती." तिनं पुऱ्या डब्यांत भरायला घेतल्या. एक डबा बाजूला काढून माझ्यासमोर ठेवला. "आणि तिच्या झाडाचा फोटो घे. मी बघितलेलं नाही."

शुक्रवारी पहाटे निघालो. पुलापर्यंत साडेचार तास, पुढे आणखी दोन. गाडीवाल्या बाईला सांगितलं की पाचांपैकी एकच गाडी हवीय. तिनं माझ्या मागे बघितलं, बाकीचे कुठेत म्हणून, आणि मग काही न विचारता किल्ली दिली. हेल्मेट दोन काढली होती, त्यांतलं एक तिनं परत फळीवर ठेवलं.

वाट सुरू होते तिथे ते दोन खांब होते. मी गाडी हळू केली आणि आत घातली. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच राहिला असेल. आतलं जंगल मी फोटोत बघितलं होतं तसंच होतं, फक्त फोटोत वास नसतो. राळेचा आणि ओल्या मातीचा वास, आणि इंजिन बंद केलं की इतकी शांतता की आपलाच श्वास मोठा वाटतो. वाट इतकी अरुंद होती की फर्नची पानं दोन्हीकडून पिंजऱ्याला लागत होती. गाडी खड्ड्यातून गेली की शेजारची रिकामी सीट वेगळ्या आवाजात हादरायची. वर माणूस असला की सीट असा आवाज करत नाही. मला हे माहीत आहे, माझं कामच ते आहे, आणि बावीस मैल मी तोच आवाज ऐकत गेलो.

प्लॉट सापडला. तिनं जूनमध्ये पाठवलेली नकाशावरची खूण फोनमध्ये होती. वाटेपासून शंभर पावलांवर पाइनच्या रांगा होत्या आणि प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर ॲल्युमिनियमचा बिल्ला ठोकलेला. दोनशे अकरा, बारा, तेरा. चौदाव्या झाडापाशी मी थांबलो. सरळ, तीसेक फुटांचं, तांबूस सालीचं झाड. तिनं दोन उन्हाळे याच्याभोवती टेप गुंडाळली होती.

मी कडी मोजायला लागलो. खालच्या फांद्या वाळल्या होत्या, काही ठिकाणी नुसत्या गाठी उरल्या होत्या, पण गोल दिसत होत्या. मान वर करून मोजत गेलो, चुकलो, पुन्हा मोजलं. सतरा. तिसऱ्यांदाही सतरा. त्याखाली बुंधा गुळगुळीत होता. तिथली वर्षं पुसली गेली होती आणि ती किती धरायची हे तिनं सांगितलं तेव्हा मी नंदाला गाडी देत होतो.

मग मला आठवलं की झाड तिच्या वयाचं आहे. एकवीस वजा सतरा.

ती चार वर्षं कुठली ते मला हिशोब न करता माहीत होतं. स्वानंदीच्या जन्माआधी दोन महिने मी या देशात आलो होतो, सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा. दर वेळी पुण्याला फोनवर सांगायचो, बस, आणखी सहा महिने. आसावरी तिला घेऊन आली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि विमानतळावर तिनं मला काका म्हणून नमस्कार केला होता. ती चालायला लागली, बोलायला लागली, तिला दात आले, यातलं मी काहीही बघितलेलं नाही. ती चार वर्षं मी आजवर नुसती बेरजेत धरत आलो होतो.

मी झाडाला पाठ टेकून खाली बसलो आणि रडलो. तिथे कोणी नव्हतं, बघायलाही नाही आणि समजूत घालायलाही नाही. मग पुऱ्यांचा डबा उघडला आणि दोन पुऱ्या खाल्ल्या, कारण भूक लागली होती. फोटो काढला. परत निघालो.

गावात शिरताना रेंज आली. रस्त्याकडेला थांबून मी फोन लावला.

"बाबा? पोचलात का सगळे?"

"कोणी आलं नाही. मी एकटाच आलोय. छोटी गाडी घेऊन."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"तुझ्या झाडापाशी जाऊन आलो," मी म्हणालो. "सतरा दिसली. खाली किती मिळवायची ते मी त्या दिवशी ऐकलं नव्हतं. चार ना?"

"चार." मग म्हणाली, "आय नो तू ऐकलं नव्हतंस."

"मग पुन्हा सांगायचंस."

"तू फोनवर होतास, बाबा."

समोरून लाकडांनी भरलेला एक लांबलचक ट्रक गेला. 

"नवं कडं कधी येतं?" मी विचारलं.

"मे. मेएन्डला."

"मग मेमध्ये ये."

"व्हिसा मिळाला पाहिजे. त्याला किती वेळ लागेल काही सांगता येत नाही."

"ये ना."

"बाबा, मला खरंच माहीत नाही जमेल का."

"ते मला माहितीये," मी म्हणालो. "तरी ये."

पलीकडे कोणीतरी दार उघडलं, बंद केलं. तिच्या नव्या खोलीचं असेल. 

"दॅट्स थ्री, बाबा," ती म्हणाली.